आधी राख पाहा

दिवाळी अंकात जळिताची गोष्ट काढणारा मनुष्य अरसिकच म्हटला पाहिजे. वाचकाच्या हाताशी फराळाचे ताट असणार, अंगणात पणत्या लागलेल्या असणार, धाकटी मंडळी फुलबाज्या घेऊन गच्चीवर पळालेली असणार. अशा वेळी त्याचे बोट धरून त्याला एखाद्या घराच्या काळ्या ढिगाऱ्यात नेऊन उभे करणे हा काही शिष्टाचार नव्हे. पण माझा नाइलाज आहे. उभ्या जन्मात मी दुसरे काही केलेले नाही. पस्तीस वर्षे विमा कंपन्यांच्या वतीने जळिताची पाहणी करणारा सर्व्हेअर म्हणून मी गावोगाव हिंडलो. इतरांना लग्नामुंजीची आमंत्रणे येत, मला जळिताच्या तारा येत. आणि दिवाळी हा तर आमच्या धंद्याचा हंगाम! सारे जग अभ्यंगस्नान करून नव्या कपड्यांत मिरवत असता मी कुठल्या तरी पेठेत घोटाभर ओल्या राखेत उभा असे. आमच्या घरी म्हणत, "यांना उटणे लावून काय उपयोग? संध्याकाळी पुन्हा काळेच होऊन यायचे!"

आता निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली. तरी सकाळी वर्तमानपत्र उघडले की अजून माझे डोके फिरते. रात्री दोन वाजता कुठे आग लागलेली असते. पहाटे पाच वाजता ती विझते. भिंती अजून हात लावू देत नाहीत इतक्या तापलेल्या असतात, आत पाऊल ठेवायची सोय नसते, आणि सकाळी सात वाजता बातमी छापून तयार असते: "शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज." मी विचारतो, हा अंदाज केला कोणी? कशावरून केला? आत कोण गेले होते? कोणती वायर पाहिली? या प्रश्नांना उत्तर नसते, आणि गंमत अशी की ते कोणी विचारतही नाही. पूर्वी कारण सापडले नाही की लोक म्हणत, "देवाची करणी." आता देवाच्या जागी आपण शॉर्ट सर्किटची प्रतिष्ठापना केली आहे. देवाला निदान नैवेद्य तरी दाखवावा लागे. या नव्या दैवताला तेवढाही खर्च नाही.

याच्या उलट दुसरा एक शब्द आहे. तो म्हणजे "घातपात". मालक कर्जबाजारी असला, भावाभावांत वाटणीचा तंटा असला, किंवा गावात त्याच्याबद्दल कोणाचे चांगले मत नसले, की शॉर्ट सर्किट मागे पडते आणि पारावर बसलेली मंडळी एकमेकांकडे पाहून डोळे मिचकावतात. "लागली कसली, लावली!" हा निकालही ढिगाऱ्यात पाऊल न टाकताच लागलेला असतो. वरवर पाहता हे दोन शब्द परस्परविरोधी आहेत; एक सर्वांना सोडतो, दुसरा एकाला धरतो. माझे म्हणणे असे की, ही दोन्ही एकाच आळसाची जुळी अपत्ये आहेत. राख पाहायच्या आधी निकाल देणे हा तो आळस. आणि या आळसापायी निरपराध माणसे मेली आहेत व अपराधी माणसे सुखाने नांदली आहेत. हे नुसते वक्तृत्व नव्हे, ते मी दाखवून देणार आहे.

प्रथम शॉर्ट सर्किटाचे पाहू. जळक्या घरात तांब्याच्या वायरीच्या टोकाला पुष्कळदा मण्यासारखा गोळा सापडतो. तो दाखवून पंचनाम्यात लिहितात, "वायरीत ठिणगी पडल्याचे दिसून येते." ठिणगी पडली हे खरे. पण कधी पडली? आग लागण्यापूर्वी की लागल्यानंतर? तांबे सुमारे १,०८५ अंश सेल्सियसला वितळते. दुसऱ्या कोठल्या कारणाने लागलेली आग चालू वायरीपर्यंत पोचली, तिने वायरीवरचे आवरण जाळले आणि आतल्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या, की तिथेही असाच गोळा होतो. नुसता गोळा पाहून तो आगीची आई की आगीची लेक, हे खात्रीने सांगता येत नाही. तो एवढेच सांगतो, की आग इथे पोचली तेव्हा या वायरीत वीज खेळत होती. हेही थोडके नव्हे. वीज आधी कुठे तुटली आणि मागाहून कुठे, हे घरभर हिंडून नकाशावर मांडले, तर आग कोणत्या दिशेने आली त्याचा माग लागतो. पण त्यासाठी वायर हातात धरून दिवसभर ढिगाऱ्यात फिरावे लागते. सकाळी सातच्या बातमीला ते परवडणारे नाही.

आणि समजा, ठिणगी विजेचीच होती. तरी ते कारण झाले का? आगीच्या कारणाला तीन अंगे असतात. एक ठिणगी, म्हणजे उष्णता कोठून आली. दुसरे पहिले जळण, म्हणजे प्रथम काय पेटले. आणि तिसरे, या दोघांची गाठ कोणी व कशी घालून दिली. फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार कोणी बसवली? एका बटणावर चार यंत्रे कोणी चालवली? ढिल्या जोडावर वर्षभर तापत राहिलेल्या खोक्याखाली कापडाचे तागे कोणी रचले? "शॉर्ट सर्किट" म्हटले की पहिले अंग सांगितले जाते आणि उरलेली दोन, म्हणजे ज्यात माणसांची नावे येतात ती, अलगद झाकली जातात.

मुंबईकरांना १४ एप्रिल १९४४ ची तारीख सांगायला नको. व्हिक्टोरिया गोदीत "फोर्ट स्टायकिन" नावाच्या जहाजाला आग लागली, दुपारी चारच्या सुमारास ते फुटले, आणि शेकडो माणसे मेली. अग्निशामक दलाच्या ज्या ६६ जवानांनी त्यात प्राण दिले त्यांच्या स्मरणार्थ आजही आपण १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतो. त्या आगीची पहिली ठिणगी कोणती? संशय कोणाच्या तरी जळत्या सिगारेटीवर गेला. पण जहाजाच्या चिंधड्या झाल्यावर तिचे थोटूक कोण दाखवणार? मात्र एका गोष्टीबद्दल कोणालाच शंका नव्हती: त्या जहाजात कापसाच्या गाठी आणि शेकडो टन स्फोटके एकत्र भरलेली होती. ठिणगी सापडली नाही, तरी ज्यांनी हा शेजार जुळवला त्यांची जबाबदारी काही धुराबरोबर उडून जात नाही. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईच्या कमला मिल्सच्या आवारात १४ माणसे मेली. तिथेही शॉर्ट सर्किटचा जप झाला होताच. पुढे अग्निशामक दलाच्या अहवालाने हुक्क्याच्या कोळशातून उडालेल्या ठिणग्यांकडे बोट दाखवले. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा तान्ही बाळे गेली. त्या दिवशीही सर्वांआधी कानी आला तो हाच शब्द. दहा बाळांच्या बाबतीत तरी आपण चार दिवस थांबून बोलायला हवे होते.

आता कोणी म्हणेल, "अहो, पण सगळे जळून गेल्यावर कळणार तरी काय?" पुष्कळ कळते! आग ही मोठी उधळी असली, तरी ती मागे हिशेब ठेवून जाते. फक्त तो वाचण्याची रीत आहे. बाहेरून आत यावे, कमी जळलेल्याकडून जास्त जळलेल्याकडे यावे. वाटेत काहीही हलवण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे. ढिगारा फावड्याने उपसू नये. उत्खनन करणारे पुराणवस्तूंचे अभ्यासक करतात तसा एकेक थर उचलावा. वरच्या थरात छपराची कौले, त्याखाली आढ्याचा कोळसा, त्याखाली कपाट, आणि अगदी तळाशी सतरंजीचा एक न जळलेला चौकोन. कारण तिथे ट्रंक होती. त्या चौकोनावरून ट्रंक कुठे होती ते कळते, बिजागरीवरच्या काजळीवरून दार उघडे होते की बंद ते कळते. ज्वाला वर चढते आणि चढताना फाकते, म्हणून भिंतीवर नरसाळ्यासारखी खूण उमटते. तिचे निमुळते टोक जिथे जमिनीशी येते तिथे काहीतरी पेटले होते. मेलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत काजळी आहे का, रक्तात कोळशाचा विषारी वायू आहे का, यावरून आग लागली तेव्हा तो श्वास घेत होता की नव्हता हे डॉक्टर सांगतो. प्रेताच्या मुठी आवळलेल्या आणि कोपरे वाकलेली दिसली, की बघे म्हणतात, "झटापट झाली." झटापट नव्हे! उष्णतेने स्नायू आखडतात, एवढाच त्याचा अर्थ.

इथपर्यंत मी अभिमानाने सांगितले. आता लाज वाटते ते सांगतो.

१९७८ साल. खानदेशातले एक तालुक्याचे गाव. लक्ष्मीपूजनाच्या रात्री एका कापडदुकानाला आग लागली. खाली पेढी, वर फळ्यांची माडी, माडीवर तागेच तागे. मी भाऊबीजेच्या दिवशी पोचलो. वर जाण्यासारखी शिडी यायला तासभर होता, म्हणून तोवर मी तिजोरीतून वाचलेल्या चोपड्या चाळत बसलो. दोन घाऊक व्यापाऱ्यांचे देणे थकले होते. विम्याची रक्कम चार महिन्यांपूर्वी वाढवून घेतली होती. माझ्या मनाने जागच्या जागी निकाल दिला. मग शिडी आली आणि मी वर गेलो. पण खरे सांगायचे तर वर गेलो तो पाहायला नव्हे, जे आधीच ठरले होते त्याचा पुरावा गोळा करायला.

आणि पुरावा काय, हवा तेवढा मिळाला! फळ्यांवर काही सांडावे तशी ओघळलेली, वेडीवाकडी, खोल जळलेली डबकी होती. मी लिहिले, "जिन्याकडे मागे सरत रॉकेल ओतल्याच्या खुणा." खिडकीपाशी एक आणि दरवाजापाशी एक, अशा दोन जागी सर्वांत खोल कोळसा होता. मी लिहिले, "दोन ठिकाणी स्वतंत्रपणे पेटवले." खिडकीच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा होत्या. आमच्या गुरूंनी शिकवले होते की अशी काच म्हणजे रॉकेल-पेट्रोलची भडक आग, तेही लिहिले. फळीचा एक तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून, साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आठ दिवसांनी प्रयोगशाळेकडे पाठवला. उत्तर आले, रॉकेल आढळत नाही. यावर मी काय केले असेल? मी लिहिले, "अतितीव्र उष्णतेमुळे रॉकेल उडून गेले असावे." म्हणजे रॉकेल सापडले असते तरी तो माणूस गुन्हेगार, आणि नाही सापडले तरी गुन्हेगारच!

दावा फेटाळला गेला. शेठ मला भेटायला आले. मोठ्याने बोलले नाहीत. जाताना एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्ही राख पाहिलीत हे खरं, पण आधी माझी चोपडी पाहिलीत." त्या वेळी मला हे वाक्य केवळ कोडगेपणाचे वाटले. त्यांनी दुकान विकून देणेकरी भागवले आणि पुढे दुसऱ्याच्या पेढीवर मुनीम म्हणून बसले.

माझ्या अहवालातले ते एकेक शहाणपण पुढे कसे ढासळले, ते ऐका. १९९० साली अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल शहरात एका घराच्या आगीत सहा माणसे मेली. फळ्यांवरची डबकी पाहून घरधन्यावर पेटवल्याचा आळ आला. सुदैवाने शेजारीच तसेच एक घर रिकामे होते. तज्ज्ञांनी तसेच सामान भरून, थेंबभरही तेल न ओतता, ते घर पेटवून पाहिले. खोलीत पेटलेल्या कोचाचा तप्त धूर छताखाली साठत जातो. तो सुमारे सहाशे अंशांवर गेला की छताकडून खाली असा दाह पडतो, की खोलीतली प्रत्येक वस्तू, जमीनसुद्धा, जवळजवळ एकदमच पेट घेते. यालाच फ्लॅशओव्हर म्हणतात. त्या घरात हे व्हायला पाच मिनिटेही लागली नाहीत. आणि विझवून पाहतात तो जमिनीवर तीच डबकी! सरकारी वकिलांनी खटला मागे घेतला. माझ्या माडीवर तर टेरिलीन आणि नायलॉनचे तागे होते. ते वितळून ओघळतात आणि ओघळलेल्या जागी जळत राहतात. रॉकेलाची गरजच काय?

काचेच्या भेगांचे तसेच. १९९१ साली कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा घरांत शिरला. तिथे कोणी रॉकेल शिंपडत फिरले नव्हते. पाहणी केलेल्या ५० घरांपैकी १२ घरांत तशीच भेगाळलेली काच सापडली. पुढे प्रयोगांनी दिसून आले, की तापलेल्या काचेवर बंबाचे गार पाणी पडले की तशा भेगा जातात. म्हणजे मी ज्याला गुन्ह्याची खूण म्हणत होतो ती बंबवाल्यांच्या कर्तव्यदक्षतेची खूण होती! आणि दार-खिडकीपाशीच कोळसा खोल का? कारण खोली पुरती पेटली की आतला प्राणवायू संपतो, आणि आग जिथे वारा मिळेल तिथे जोमाने जळते. दोन जागी वारा होता, मी दोन जागी काडी पाहिली. राहता राहिली ती पिशवी. साध्या प्लॅस्टिकमधून रॉकेलची वाफ निसटून जाते. नमुना घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात किंवा काचेच्या बरणीत ठेवावा लागतो, आणि सोबत न जळलेल्या जागचा दुसरा नमुना तुलनेसाठी द्यावा लागतो. नाही तर पोळलेल्या प्लॅस्टिकच्या वाफेलाही कोणी रॉकेल म्हणायचा.

आमच्या धंद्यातले जुने लोक यावर छाती पुढे काढून म्हणतात, "पुस्तके गुंडाळून ठेवा. आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे. नुसत्या वासावर सांगतो." या अनुभवाचीही परीक्षा झालेली आहे. २००५ साली अमेरिकेत खोल्या पेटवून, फ्लॅशओव्हरनंतर दोनच मिनिटे जळू देऊन विझवल्या आणि आगीचा तपास करणाऱ्या ५३ जणांना विचारले, "खोलीच्या चार भागांपैकी कोणत्या भागात आग सुरू झाली?" बरोबर उत्तर किती जणांनी दिले? तिघांनी! दुसऱ्या खोलीतही तिघांनीच, आणि ते तिघे निराळे. डोळे मिटून बोट ठेवले असते तरी तेरा जणांचे बरोबर आले असते. असा हा अनुभव. वर्षे मोजली म्हणजे अनुभव होत नाही; आपण चुकलो हे ज्याला कधी कोणी सांगितलेच नाही, त्याची तीस वर्षे म्हणजे एकच चूक तीस वेळा.

माझ्या चुकीने एका माणसाचे दुकान गेले. दुसऱ्या एकाचा प्राण गेला. टेक्सास राज्यात कॉर्सिकाना नावाचे गाव आहे. २३ डिसेंबर १९९१ ला, नाताळच्या तोंडावर, तिथल्या एका छोट्या घराला आग लागली. आत दोन वर्षांची एक आणि एक वर्षाच्या जुळ्या अशा तीन मुली मेल्या. बाप, कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम, बाहेर पडला होता. तो बेकार होता, बायकोला मारझोड करणारा म्हणून बदनाम होता, त्याच्या भिंतीवर भयानक चित्रे होती. चोपडी आधी वाचली गेली! मग तपासनीस आत गेले आणि त्यांना काय दिसले? जमिनीवरची डबकी, भेगाळलेली काच, एकाहून अधिक जागी सुरुवात. तेल सापडले ते एका नमुन्यात, पुढच्या दाराशी, जिथे ओट्यावर मांस भाजायची शेगडी आणि ती पेटवायचे तेल ठेवलेले असे. गुन्हा कबूल केलास तर जन्मठेपेवर भागेल, असे सांगून पाहिले; तो नाही म्हणाला. १९९२ मध्ये त्याला देहदंड झाला. डॉ. जेराल्ड हर्स्ट नावाच्या रसायनतज्ज्ञाने कागदपत्र तपासून कळवले, की यातली एकही खूण आग लावल्याचे सिद्ध करीत नाही. तो अहवाल वेळेवर पोचला होता. तरीही १७ फेब्रुवारी २००४ ला त्या माणसाला मारण्यात आले. २००९ मध्ये राज्याच्याच न्यायवैद्यक आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञाने पुन्हा तेच सांगितले. या वेळी ऐकायला तो माणूस नव्हता.

तो निर्दोष होता असे मी म्हणत नाही. मी तिथे नव्हतो. मी म्हणतो ते एवढेच, की त्या राखेने जे सांगितले नव्हते ते तिच्या तोंडी घालण्यात आले.

आता माझ्यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. "असे केस चिरत बसलात, तर खरे पेटवणारे मोकाट सुटतील." मी म्हणतो, ते आजच मोकाट आहेत, आणि ते माझ्या चिकित्सेमुळे नव्हे, तुमच्या आळसामुळे. यासाठी टेक्सासला जायला नको, आपल्या महाभारतातच पाहू. वारणावतातले लाक्षागृह जळाले. सकाळी नगरजन जमले, त्यांनी राख उपसली, त्यांना पुरोचनाचे प्रेत सापडले आणि एक स्त्री व पाच पुरुष यांची प्रेते सापडली. संख्या जुळली! कुंती आणि पाच पांडव मेले असा निकाल देऊन सारे शोक करू लागले. प्रत्यक्षात घर पेटवले भीमाने, पांडव भुयारातून निसटले होते, आणि भुयाराचे तोंड विदुराच्या खनकाने धुळीने बुजवून टाकले होते. नगरजनांनी आधी गोष्ट ठरवली, मग प्रेते मोजली. हा आपल्या वाङ्मयातला पहिला चुकीचा पंचनामा. पण मला त्याहून अधिक टोचते ते निराळेच. ती सहा प्रेते एका निषादीची आणि तिच्या पाच मुलांची होती. जेवायला आलेली, पिऊन तिथेच झोपलेली. त्यांची चौकशी झाली नाही, कारण ती होती हेच कोणाला कळले नाही.

त्या निषादीच्या वारसदार आपल्या घरोघर जळल्या आहेत. "स्वयंपाक करताना स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू" ही ओळ वाचत आमची अर्धी पिढी म्हातारी झाली. १९८३ मध्ये छळाविरुद्ध कलम आले, १९८६ मध्ये हुंडाबळीचे कलम आले, तेव्हा कुठे या भडक्यांकडे कायदा संशयाने पाहू लागला. पण स्टोव्ह तर आधीपासून कोपऱ्यात साक्ष द्यायला उभा होता! स्टोव्ह फुटला म्हणता, तर फुटलेला स्टोव्ह दाखवा. पितळी टाकीचा सांधा उसवला आहे का? टाकीत रॉकेल किती आहे? टोपण घट्ट आहे का? मागच्या भिंतीवर काजळी कुठवर आहे? टाकी धड, टोपण बंद, आणि बाईच्या केसांत रॉकेल. तर ते तिथे गेले कसे?

असा धड स्टोव्ह मी स्वतः एकदा पाहिला आहे. एका गोदामाची पाहणी करायला गेलो होतो. शेजारच्या घरी आदल्या दिवशी सून जळून मेली होती. दार उघडे होते, मी सहज डोकावलो. ओट्याखाली स्टोव्ह होता, घासून लख्ख. त्यावर काजळीचा डाग नव्हता. बाहेर पंचनाम्यावर सह्या चालल्या होत्या: स्टोव्हचा भडका. मी काही बोललो नाही. माझे काम गोदामाचे होते. खानदेशातल्या शेठवर मी नसलेले रॉकेल ओतले, आणि इथे असलेल्या रॉकेलकडे पाठ फिरवली. या दोन्ही पापांची मुळे निराळी आहेत असे मला वाटत नाही.

म्हणून माझी मागणी काही भव्यदिव्य नाही. पहिली मागणी सरकारकडे. १ जुलै २०२४ पासून जो नवा फौजदारी कायदा लागू झाला, त्यात सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक केले आहे. मात्र राज्यांना ते अमलात आणायला पाच वर्षांपर्यंतची सवड दिली आहे. घर जाळणे आणि हुंडाबळी हे दोन्ही गुन्हे त्यात बसतात. ही सवड शेवटच्या दिवसापर्यंत वापरू नका. ढिगारा उपसून रस्ता मोकळा करायच्या आधी तो वाचणारा माणूस तिथे पोचला पाहिजे, आणि त्याच्या हाती घट्ट झाकणाचे डबे असले पाहिजेत. दुसरी मागणी माझ्या व्यवसायबंधूंकडे. १९९२ पासून अमेरिकेत आगीच्या तपासाची एक मार्गदर्शिका निघते. तिचे सार एका ओळीत सांगता येईल: एकाहून अधिक शक्यता मांडा, प्रत्येकीला पुराव्यावर घासून पाहा, आणि एकही टिकली नाही तर "कारण निश्चित करता आले नाही" असे लिहा. इतर कारणे सापडत नाहीत म्हणून उरलेले तेच खरे, ही पळवाट तिने २०११ मध्ये बंद केली. "निश्चित करता आले नाही" हे लिहिताना आपल्याकडे माणसाला कमीपणा वाटतो. मलाही वाटे. तो कमीपणा मी गिळला असता, तर एका शेठला मुनीम व्हावे लागले नसते.

आणि तिसरी मागणी, वाचकहो, तुमच्याकडे. तुम्ही ढिगाऱ्यात उतरावे असे मी म्हणत नाही. पण उद्या सकाळी पेपरात "शॉर्ट सर्किट" वाचाल, किंवा चाळीच्या जिन्यात "लागली कसली, लावली" असे ऐकाल, तेव्हा एवढेच विचारा: "कोणी पाहिले? कशावरून?" हा प्रश्न दहा घरांतून निघू लागला, तर निकाल देणारे निदान भिंती निवेपर्यंत तरी थांबतील.

जॅक्सनव्हिलची हकीकत वाचल्यावर मी त्या खानदेशातल्या गावी जाऊन आलो. शेठ वारले होते. मुलगा भेटला, त्याने मला ओळखले. चहा दिला, घरच्यांची चौकशी केली. मी माझी चूक सांगितली, आणि सांगताना माझा आवाज मलाच परका वाटला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई म्हणायची, त्या रात्री पूजेची समई माडीवरच राहिली होती. पण तुम्ही विचारलंच नाही."

समईच होती का, ते आता कोण सांगणार? तिजोरी पाहिली, काच पाहिली, फळ्या पाहिल्या. पितळेची समई मी शोधलीच नव्हती. माझा तो अहवाल अजून कुठल्या तरी दप्तरात पडून असेल. त्यात कारणाच्या रकान्यात माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिले आहे: "हेतुपुरस्सर." तो रकाना मला खोडून पुन्हा लिहू देणारे कोणी नाही, म्हणून इथे लिहितो. कारण: निश्चित करता आले नाही.

आज रात्री निजण्यापूर्वी पणत्या एकदा मोजून पाहा.